गुंज, गुरं आणि पोस्टमॉर्टेम

गुंज म्हटलं की आपल्याला सोनाराचा तराजू आठवतो. लाल दाणा, त्यावर काळा ठिपका. पण याच दाण्याने एकेकाळी गुरं मारली जात, हे वाचलं तेव्हा चाटच पडलो. बी दळायचं, लगदा करून टोकदार काटे वळायचे, उन्हात कडक वाळवायचे आणि लाकडी मुठीत बसवून जनावराच्या अंगात मारायचे. काटा आत राहतो, सूज येते आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. या काट्याला 'सुतारी' म्हणत.

कशासाठी? कातड्यासाठी, असा इंग्रज अधिकाऱ्यांचा संशय. 1850 च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात गुरं मरू लागली की बोट थेट कातडी कमावणाऱ्या समाजाकडे जाई. मेलेल्या ढोराचं कातडं रूढीने त्यांचं, म्हणून मारलंही त्यांनीच! काही गुन्हे खरे असतीलही. पण त्याच काळात बुळकांडीच्या साथीतही गुरं पटापट मरत होती. जनावर उघडून न बघता विष कुठलं आणि साथ कुठली, हे ठरवणार कोण?

म्हणजे प्रश्न फक्त जनावराचा नव्हता, एका अख्ख्या समाजावरच्या आरोपाचा होता.

विज्ञान हळूहळू आलं. 1884 मध्ये कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल यांनी दाखवलं की गुंजेचा मारक गुण जंतूंचा नाही, बियांतल्या 'अ‍ॅब्रिन' या प्रथिनाचा आहे. 1886 मध्ये मुंबईला पशुवैद्यकीय कॉलेज निघालं. आमच्या मराठवाड्यात उदगीरला ते यायला 1987 उजाडलं. देवणी गुरांचा हा मुलूख. इथे बैलजोडी म्हणजे घरचं भांडवल.

आता हे काम चालतं कसं? आम्ही सर्व्हर कोसळला की लॉग बघतो, तसंच काहीसं. जिवंतपणी मार बसला असेल तर आतल्या मांसात रक्त साकळतं. मेल्यावर बसला तर फारसं नाही. विषाचा संशय असेल तर पोटातला चारा, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात सीलबंद करतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे मात्र फॉर्मॅलिनमध्ये. पण आपल्याकडच्या उन्हात पोट लगेच फुगतं, पेशी सडतात. उशीर झाला की पुरावा संपला.

कायद्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. 1860 च्या दंडविधानात जनावर मारणं म्हणजे मालकाचं नुकसान. कलमात जनावराची किंमतसुद्धा होती, दहा रुपये नि पन्नास रुपये! जनावराच्या वेदनेसाठी देशव्यापी कायदा आला 1890 मध्ये. आजचा क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड अजूनही 10 ते 50 रुपये. त्यात पिझ्झासुद्धा येत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये किमतीची अट गेली. जनावर मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण शिक्षा वाढली म्हणजे पुरावाही तितकाच भक्कम हवा. नाहीतर पुन्हा तेच, ज्याच्यावर आधीपासून संशय त्याच्यावरच बोट. म्हणून गावाकडे कुणाचं जनावर संशयास्पद मेलं तर एवढंच सांगा: घाईने पुरू नका, आधी पोलिसांत कळवा, सरकारी डॉक्टरला बोलवा. आणि तो उघडून बघेपर्यंत कुणाचंही नाव घेऊ नका.