शुभांगी कुलकर्णी : पहिल्याच डावात ५ बळी

१/ १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ अवघे ३ : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश.

२/ याच पुण्यात १९ जुलै १९५९ रोजी शुभांगी कुलकर्णी यांचा जन्म झाला. त्यांनी लेगस्पिनसारखी अवघड कला आत्मसात केली.

३/ ३१ ऑक्टोबर १९७६, बंगळूर. भारतीय महिलांचा पहिलावहिला कसोटी सामना. समोर वेस्ट इंडीज, कर्णधार शांता रंगास्वामी. गोलंदाजीच्या पहिल्याच डावात १७ वर्षांच्या शुभांगीताईंनी ५ बळी टिपले. पुढच्याच महिन्यात पाटण्यात भारताने पहिला कसोटी विजय मिळवला.

४/ महिला क्रिकेट तेव्हा बीसीसीआयच्या छत्राखाली नव्हते. खेळाडू अनारक्षित डब्यांतून प्रवास करीत. सामनेही मोजकेच. १९९१ पर्यंतच्या सुमारे १५ वर्षांत शुभांगीताईंच्या वाट्याला आल्या फक्त १९ कसोट्या. त्यांत बळी ६०. १९८५ साली अर्जुन पुरस्कार.

५/ २००६ साली महिला संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या सचिव होत्या शुभांगी कुलकर्णीच. जे छत्र त्यांना खेळताना लाभले नाही, ते पुढच्या पिढीला मिळताना त्या साक्षीदार नव्हे, सूत्रधार होत्या.