तीनशे मैलांसाठी दुसरी फेरी

ब्लूबर्ड के-७ बोटीच्या अपघाताचा घटनाक्रम : कॉनिस्टन वॉटर, इंग्लंड, ४ जानेवारी १९६७

बारा वर्षं आधी

केन आणि लू नॉरिस या बंधूंनी डोनाल्ड कॅम्पबेल यांच्यासाठी ब्लूबर्ड के-७ ही जेट बोट आखलेली असते. वेग घेतला की ती तीनच ठिकाणी पाण्याला टेकते : पुढचे दोन तरंगे आणि मागचं टोक. बाकी सगळी बोट हवेत. पाण्याचा अडथळा त्यामुळे घटतो, पण खालून शिरलेली हवा नाक वर उचलू लागते. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात किंचित तिरका केला की तो वर फेकला जातो, तसंच हे. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नाक पाच अंशांच्या जरा पुढे गेलं की बोट हवेत जाणार, इतकीच तिची ऐपत. १९५५ च्या जुलैत ती अल्सवॉटर तळ्यावर ताशी २०२.३२ मैलांचा विक्रम करते, तेव्हा ही हद्द दूर असते.

दोन महिने आधी

नोव्हेंबर १९६६. पंचेचाळिशीचे कॅम्पबेल पथकासह कॉनिस्टनला येतात. १९६४ या एकाच वर्षात त्यांनी जमिनीवर ४०३.१० आणि पाण्यावर २७६.३३ मैलांचे विक्रम केलेत. अशी जोडी दुसऱ्या कुणाला साधलेली नाही. पण जमिनीचा विक्रम हातचा गेलाय. क्रेग ब्रीडलव्हच्या जेट गाडीने १९६५ मध्ये ६०० मैल ओलांडलेत. त्याला उत्तर म्हणून कॅम्पबेल यांना ध्वनीपेक्षा वेगवान रॉकेट गाडी बांधायची आहे. त्यासाठी पैसा हवा, आणि पैसा हवा तर आधी नाव गाजायला हवं. म्हणून पाण्यावर तीनशे.

जुन्या बोटीत आता जास्त ताकदीचं ऑर्फियस इंजिन बसवलंय. १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलाने गाजवलेल्या नॅट विमानाचं इंजिन ते हेच. आपल्या एचएफ-२४ मरुत विमानातही ऑर्फियसच होतं. चाचणीत हवेच्या मार्गातले तुकडे निखळून आत ओढले जातात आणि पहिलं इंजिन निकामी होतं. मग एका मोडक्या नॅटचं इंजिन काढून बसवतात. पाऊस, वारा आणि दुरुस्त्या यांत दिवस जात राहतात.

आदल्या रात्री

कॅम्पबेल पत्ते खेळत बसलेत. इस्पिकचा एक्का आणि राणी लागोपाठ येतात. शकुन-अपशकुन मानणारा माणूस तो. पानं बघून अस्वस्थ होतो.

सकाळी साडेआठ

हिवाळ्यातला उशिराचा सूर्य नुकताच वर आलाय. वारा पडलाय. इतक्या दिवसांनी तळं धावण्याजोगं झालंय.

८:४५

बोट हळूहळू तळ्याच्या मध्यावर येते, रोख धरते आणि सुटते. दक्षिणेकडे.

८:४६

मोजणीच्या किलोमीटरमध्ये प्रवेश. उत्तर टोकाला लिओ व्हिला उभे आहेत. कॅम्पबेल यांच्या वडिलांपासून, सर माल्कम यांच्यापासून, या घराण्याच्या यंत्रांची काळजी वाहिलेला हा मेकॅनिक. त्यांना बोट अगदी स्थिर दिसते, नाक किंचित खाली.

साडेसात सेकंदांत किलोमीटर संपतो. सरासरी ताशी २९७.६ मैल.

दक्षिण टोकाच्या होडीतल्या दोघांना मात्र दुसरंच चित्र दिसतं : नाक हलकं झालंय. पट्टा संपता संपता कॅम्पबेल यांनी थ्रॉटल सोडलाय. इंजिनाचा रेटा पाण्याच्या अडथळ्याच्या वरून लागतो, म्हणून तो नाक खाली दाबून ठेवतो. रेटा कमी झाला की दाबही सुटतो. अपघाताची खूण इथे दिसून गेली आहे. तिचा अर्थ लावायला मात्र वेळ नाही.

दक्षिण टोक

नियम असा की तासाभरात उलट दिशेने दुसरी फेरी करायची आणि दोन्हींची सरासरी धरायची. जुना विक्रम मोडायला आता २६५ मैलांची फेरीसुद्धा पुरेल. तीनशेच्या सरासरीसाठी मात्र ३०३ च्या आसपास हवेत.

एरवीची शिस्त म्हणजे थांबायचं, इंधन भरायचं, पाणी शांत होऊ द्यायचं. कॅम्पबेल तसेच वळतात. हा अविचार नव्हता. आपल्याच लाटा मोजणीच्या पट्ट्यात पसरण्याआधी परतायचं, हा डाव त्यांनी पूर्वीही यशस्वी केला होता. पण दर खेपेला वाचलो म्हणून पाच अंशांची हद्द पुढे सरकलेली नसते.

परतीची धाव

पील बेटाजवळून येताना, पहिल्या फेरीअखेर लावलेल्या ब्रेकने घुसळलेल्या पाण्यावर बोट हादरते. मग पाणी सपाट होतं आणि ती झेपावते. पट्ट्यात शिरून दोनेकशे मीटर जाते तेव्हा वेग ३२८ मैल. अल्सवॉटरच्या तुलनेत नाक उचलणारा जोर आता अडीच पटींहून जास्त आहे.

उजवा तरंगा वाढत्या जोराने आपटू लागतो. पाणी फार वाईट आहे, नीट दिसत नाही, नाक वर गेलंय, असं कॅम्पबेल रेडिओवर सांगत आहेत.

शेवटचे क्षण

एका मोठ्या उसळीनंतर बोट पाण्यावर आदळते आणि वेग झटक्यात २९६ वर येतो. इंजिन विझतं. नाक दाबून ठेवणारा रेटा नाहीसा होतो. पाच अंशांची हद्द ओलांडून के-७ पाणी सोडते, हवेत कोलांटी घेते आणि किलोमीटर संपायला सुमारे २३० मीटर उरले असताना पाण्यात घुसते. आघाताने पुढचा भाग, जिथे कॅम्पबेल बसले आहेत, तुटून वेगळा होतो.

त्यानंतर

बोट २००१ च्या मार्चमध्ये तळातून वर काढली गेली. मे महिन्यात कॅम्पबेल यांचा देह सापडला आणि सप्टेंबरमध्ये कॉनिस्टन गावातच दफन झालं. पाण्यावरचा आजचा विक्रम केन वॉर्बी यांचा, १९७८ चा. तो मोडायला गेलेले ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये प्राणाला मुकले.

जमिनीवर १९९७ मध्ये थ्रस्ट एसएससी गाडीने ताशी ७६३ मैल गाठून ध्वनीचा वेग ओलांडला. तिच्या नाकाचा कोन चालकाच्या अंदाजावर सोडला नव्हता. धावताना संगणक सस्पेन्शन हलवून तो सांभाळत होता. वेगाच्या विक्रमाचं खरं इंजिनिअरिंग मी यालाच म्हणेन. ताकदवान इंजिन मिळतं, दुसऱ्या विमानातूनही काढून आणता येतं. यंत्र उलटायला अजून किती अवकाश आहे, हे त्या क्षणी मोजणारी आणि तिथल्या तिथे सावरणारी व्यवस्था मात्र आधी बांधावी लागते. कॅम्पबेल यांच्या धाडसात काही कमी नव्हतं. त्या धाडसाला ही सोबत मिळायला हवी होती.