आवाज आणि लहर यांची जोडणी



नभोवाणीचा इतिहास म्हटला कीं, मोठमोठ्या केंद्रांचे उंच मनोरे आणि त्यांचे उद्घाटन-समारंभ हेच बहुधा डोळ्यांपुढें येतात. परंतु या इतिहासांतील कांहीं महत्त्वाचे टप्पे घरच्या मोटारखान्यांत आणि भाड्यानें घेतलेल्या खोल्यांत पार पडले आहेत. एका बाजूस मायक्रोफोन, ग्रामोफोन, ध्वनिमुद्रक हीं आवाज टिपणारीं व वाजविणारीं यंत्रें. दुसऱ्या बाजूस हौशी बिनतारीवाल्यानें स्वतःच्या हातानें जुळविलेला ट्रान्समीटर. या दोहोंची गांठ कशी पडली आणि तिच्यामुळें काय घडून आलें, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

बिनतारी यंत्र प्रथम मुकेंच होतें. ठिणगीच्या कडकडाटानें तें बिंदु आणि रेषा तेवढ्या धाडी. त्याला वाचा देण्याचा यशस्वी प्रयत्न रेजिनाल्ड फेसेंडेन या मूळच्या कॅनडांतील संशोधकानें केला. २३ डिसेंबर १९०० या दिवशीं पोटोमॅक नदींतील कॉब बेटावरून त्यानें आपला आवाज सुमारें १ मैलावर पोंचविला. तो आवाज कर्कश होता, पण शब्द समजले. त्याची युक्ति साधी, परंतु धोक्याची होती. कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन त्यानें थेट एरियलच्या मार्गांतच बसविला होता. सारा प्रवाह त्यांतून वाहे. पुढें १९०६ सालीं ब्रँट रॉक येथें त्यानें अधिक शक्तीचे प्रयोग केले, तेव्हां मायक्रोफोन तापूं नये म्हणून तो पाण्यानें थंड ठेवावा लागे. बोलणाऱ्याच्या ओठांशीं एरियलचा प्रवाह येऊन भिडावा, अशी ती अवस्था होती.

ही अडचण व्हॉल्व्हनें, म्हणजे निर्वात नळीनें, दूर केली. आपल्याकडे पाटकरी एका हातानें लहानसें दार वरखालीं करतो आणि त्या हालचालीप्रमाणें सबंध कालव्याचें पाणी कमीअधिक होतें. व्हॉल्व्हचें काम असेंच आहे. मायक्रोफोनमधील अत्यंत क्षीण प्रवाह दार हलवितो, आणि ट्रान्समीटरमधील बलवान प्रवाह त्याच्या आज्ञेंत चालतो. आवाजाचें यंत्र आणि लहरींचें यंत्र हीं त्यामुळें प्रथमच एकमेकांपासून वेगळीं करतां आलीं. आणि वेगळीं झालीं म्हणूनच तीं हवीं तशीं जोडण्याची सोय झाली. मायक्रोफोनच्या जागीं दुसरेंही कांहीं जोडतां येईल, ही कल्पना येथूनच पुढें बहरली.

अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराजवळ विल्किन्सबर्ग नांवाचें गांव आहे. तेथें फ्रँक कॉनरॅड हे वेस्टिंगहाऊस कंपनींतील एक अभियंता राहत. त्यांचें शालेय शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतच झालें होतें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना अंतर्मुख करणारी आहे. आपल्या मोटारखान्याच्या माडीवर त्यांनीं ८ एक्स के या संकेतनांवाचें केंद्र उभारलें होतें. पहिल्या महायुद्धामुळें हौशी मंडळींवर घातलेली क्षेपणबंदी ऑक्टोबर १९१९ मध्यें उठली. कॉनरॅड पुन्हां प्रयोग करूं लागले. परंतु चांचणीसाठीं तासन्‌तास बोलत राहणें कंटाळवाणें होतें. म्हणून त्यांनीं मायक्रोफोनपुढें ग्रामोफोन ठेवला आणि तबकडी लावून दिली.

परिणाम त्यांच्या अपेक्षेपलीकडचा झाला. ऐकणाऱ्यांचीं पत्रें येऊं लागलीं. अमुक गाणें लावा, अमुक वेळीं लावा, अशी मागणी होऊं लागली. घरांतल्या तबकड्या संपल्या, तेव्हां गांवांतील एका संगीताच्या दुकानानें आपलें नांव सांगण्याच्या बोलीवर तबकड्या उसन्या दिल्या. सप्टेंबर १९२० मध्यें हॉर्न नांवाच्या मोठ्या दुकानानें, कॉनरॅड यांचे कार्यक्रम ऐकण्यासाठीं १० डॉलरपासून पुढें तयार यंत्रें मिळतील, अशी जाहिरात दिली. ती वेस्टिंगहाऊसचे उपाध्यक्ष डेव्हिस यांच्या दृष्टीस पडली. बिनतारी म्हणजे दोघांचें खाजगी संभाषण, ही तोंवरची समजूत त्या जाहिरातीनें उलटी केली. एकानें बोलावें आणि हजारोंनीं ऐकावें, हाच तिचा खरा उपयोग असें त्यांनीं ओळखलें. २ नोव्हेंबर १९२० रोजीं कंपनीच्या केडीकेए केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल क्षेपित केले, आणि नियमित ध्वनिक्षेपणाचें युग सुरू झालें.

आपल्या देशांतही हौशी मंडळींचें पाऊल सरकारच्या आधीं पडलें. रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेनें जून १९२३ मध्यें कार्यक्रम क्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र त्यानंतर, २३ जुलै १९२७ रोजीं, उघडलें. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच मात्र हौशी बिनतारीवाल्यांना आपले ट्रान्समीटर पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले.

अशा काळांत ऑगस्ट १९४२ उजाडला. ८ तारखेस गवालिया तलावाच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहांटे पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलें. तेव्हां उषाबेन मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ काढला. युद्धापूर्वीं हौशी परवाना असलेले नरिमन प्रिंटर यांनीं ट्रान्समीटर जुळविला. सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांचें साहाय्य मिळालें. आवाजाचीं यंत्रें आणि हौशी ट्रान्समीटर यांची तीच जुनी गांठ पुन्हां पडली. २७ ऑगस्ट रोजीं ४२.३४ मीटरवर पहिलें क्षेपण झालें. हौशी मंडळी जिला ४० मीटरचा पट्टा म्हणतात, त्यांतलीच ती लहर होती.

राममनोहर लोहिया यांच्यासारखे पुढारी भाषणें देत. चिमूर आणि आष्टी येथील अत्याचारांची जी हकीगत छापतां येत नव्हती, ती या केंद्रानें देशास ऐकविली. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरांत फिरत. त्यामुळें चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी असें बिऱ्हाड सारखें हलवावें लागे. पुढें या मंडळींनीं ध्वनिमुद्रणाची जागा आणि क्षेपणाची जागा निरनिराळ्या ठेवल्या. यांतील शहाणपण ध्यानांत घेण्यासारखें आहे. लहरींचा माग क्षेपणाच्या जागेपर्यंतच लागतो. जेथें भाषण मुद्रित झालें, त्या खोलीचा पत्ता लहर सांगत नाहीं. बोलणारा आणि क्षेपणारा यांना वेगळें करण्याची जी सोय व्हॉल्व्हनें दिली, तीच येथें माणसांची ढाल झाली.

तरीही १२ नोव्हेंबर रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत धाड पडली. यंत्रानें दगा दिला नाहीं. पकडल्या गेलेल्या तंत्रज्ञानेंच पोलिसांना जागा दाखविली. उषाबेन यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें त्या वेळीं ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागली होती, ती बंद करण्याचा हुकूम त्यांनीं मानला नाहीं. १९४३ सालीं खटल्याचा निकाल लागून बाबूभाई खाकर यांना ५ वर्षांची आणि उषाबेन यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. उषाबेन १९४६ सालीं सुटल्या.

आज ही जोडणी कोणाही परवानाधारकाच्या टेबलावर होऊं शकते. स्टुडिओच्या यंत्रांतून सुमारें १ व्होल्टचा संकेत निघतो, तर हौशी यंत्राच्या मायक्रोफोनच्या तोंडाला व्होल्टचे कांहीं सहस्रांशच पुरतात. म्हणून मध्यें तो क्षीण करावा लागतो. दोन्ही यंत्रें निरनिराळ्या मार्गांनीं जमिनीशीं जोडलेलीं असलीं कीं गुणगुण उठते. ती लहानशा ट्रान्सफॉर्मरनें थांबते. स्टुडिओचा मायक्रोफोन १५,००० कंपनांपर्यंत आवाज टिपतो, परंतु हौशी पट्ट्यांत साधारण ३०० ते ३,००० कंपनांत बोलणें आटोपावें लागतें. कारण शेजाऱ्यालाही जागा हवी. आणि मौज अशी कीं, कॉनरॅड यांनीं जें केलें, तें आज हौशी माणसाला करतां येणार नाहीं. संगीत आणि वार्ता क्षेपित करण्यास त्याला नियमांनीं मनाई आहे.

नियम योग्यच आहे. नाहीं तर साऱ्या पट्ट्यांचा बाजार होईल. परंतु ज्या मोटारखान्यांतून ध्वनिक्षेपण जन्मास आलें आणि ज्या भाड्याच्या खोल्यांतून बंदिवान देश बोलला, त्यांचें स्मरण आपल्या घरांतील रेडिओ लावतांना आपण ठेवावें, एवढीच माझी विनंती आहे.