परसांतून गच्चीवर

शहर वाढूं लागलें म्हणजे त्यांतून प्रथम नाहींसें होतें तें घरामागचें परस. महाराष्ट्रांतील जुन्या घराला पुढें अंगण आणि मागें परस असे. अंगणांत तुळशीवृंदावन, परसांत आड, केळीचे दोनचार बुंधे, अळूचा वाफा, कढीलिंब, एखादा शेवगा. मोरीचें पाणी वाया जात नसे. लहानशा पाटानें तें अळूला व केळीला मिळे. निवडलेल्या भाजीचे देठ, फळांच्या साली, पालापाचोळा हें सारें त्याच मातींत परत जाई. फोडणीला कढीलिंब हवा असला तर मागल्या दारीं चार पावलें जावें, एवढाच काय तो त्या पानाचा प्रवास.

मुंबईंत गिरण्या उभ्या राहिल्या, चाळींच्या खोल्यांतून संसार मांडले गेले, आणि परस गेलें. १८९६ सालच्या प्लेगनंतर, १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती वसल्या. १९३० नंतर सिमेंट-काँक्रीटच्या इमारती वाढल्या आणि त्यांच्याबरोबर सपाट गच्ची आली. पापड-कुरडया वाळविणें, उन्हाळ्यांत अंथरूण टाकणें, संक्रांतीला पतंग उडविणें हे तिचे उपयोग लोकांना तत्काळ सुचले. गेलेलें परस येथें पुन्हा मांडतां येईल, ही कल्पना रुजावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें. ब्रिटन आपल्या अन्नाचा फार मोठा भाग परदेशांतून आणीत असे, आणि जर्मन पाणबुड्या त्याचीं जहाजें बुडवूं लागल्या. तेव्हां सरकारनें नागरिकांना कुदळ-फावडें हातीं घेण्याचें आवाहन केलें. टॉवर ऑफ लंडन या प्राचीन किल्ल्याच्या कोरड्या खंदकांत भाज्यांचे वाफे दिसूं लागले. सी. एच. मिडल्टन हे गृहस्थ बी. बी. सी. वरून बागकामाविषयीं बोलत, आणि लक्षावधि श्रोते तें बोलणें ऐकून आपापल्या वाफ्याकडे वळत. १९४३ च्या सुमारास तेथें भाडेपट्ट्यानें दिलेल्या भाजीच्या तुकड्यांची संख्या १४ लाखांच्या घरांत गेली. अमेरिकेंत अशा बागा सुमारें २ कोटी असल्याचा अंदाज होता. १९४३ सालीं एलिनॉर रूझवेल्ट यांनीं व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भाजीचा वाफा करविला.

त्याच वर्षीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें आणि बंगालमध्यें दुष्काळानें लक्षावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा हिंदुस्थानांतहि गाजली; परंतु तिचा मुख्य रोख शेतकऱ्याकडे होता. चाळींतल्या कुटुंबापाशीं हातभर जमीन नव्हती. त्याच्या वांट्याला आली ती रांग.

युद्ध संपलें. १९५४ सालीं ब्रिटनमधील रेशनिंगहि उठलें आणि बागांचे तुकडे झपाट्यानें ओस पडूं लागले. भीतीपोटीं लावलेली बाग भीती ओसरतांच ओसरते, हा त्या इतिहासाचा धडा. ती टिकावयाची तर तिला टंचाईहून निराळा आधार हवा.

गच्चीपुढें तर आणखी एक अडचण होती, ती मातीची. एक घनफूट ओली माती सुमारें ५० किलो भरते. फूटभर जाडीचा थर गच्चीभर पसरला, तर स्लॅबवर किती भार येईल आणि पाणी मुरून खालच्या खोलीचें छत कसें गळेल, हें सांगावयास इंजिनियर नको. या अडचणीचें उत्तर महाराष्ट्रांतच मिळालें. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं ‘प्रयोग परिवार’ या चळवळींतून शेतकऱ्यांना व गृहस्थांना स्वतः प्रयोग करावयास शिकविलें. पानावर पडणारा सूर्यप्रकाश हेंच खरें भांडवल होय, आणि पालापाचोळा कुजवून सुपीक माती घरच्या घरीं घडवितां येते, असें ते हिशेब मांडून दाखवीत. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनीं सुमारें १,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर पिंपें व पिशव्या मांडल्या. त्यांत उंसाचें चिपाड भरलें, वर थोडी माती व खत घातलें, आणि भाज्याच काय, फळझाडेंहि वाढविलीं. चिपाड हलकें, तें ओल धरतें आणि कुजतां कुजतां स्वतःच खत होतें. २००२ च्या सुमारास तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या भोजनगृहाच्या गच्चीवर प्रीति पाटील यांनीं स्वयंपाकघरांतील ओल्या कचऱ्यापासून बाग फुलविली. जो कचरा बाहेर टाकावयाचा, तोच वर चढून माती झाला.

ही विद्या हातीं आली म्हणजे बागेचा आनंद आपोआप येतो. धणा हें जोडफळ आहे. तें हलकें रगडून दोन दलें केलीं म्हणजे कोथिंबीर दाट उगवते. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. पुदिन्याची बाजारांतून आणलेली काडी पाण्यांत ठेवली तरी मुळें फुटतात. गवती चहाचा एक ठोंब पुढें चार घरीं वांटतां येतो. काकडीच्या वेलावर नर आणि मादी फुलें निराळीं असतात व त्यांच्यामध्यें मधमाशीची मध्यस्थी लागते, हें मुलांना पुस्तकांतून जेवढें कळत नाहीं तेवढें एका कुंडींतून कळतें. पावसाळ्यांत अळूचें पान सकाळीं कापावें आणि दुपारीं त्याची वडी पानांत पडावी, यांत जें सुख आहे त्याची किंमत मंडईंत ठरत नाहीं.

२०२० सालच्या टाळेबंदींत अनेक शहरी कुटुंबें पुन्हा कुंड्यांकडे वळलीं. संकट सरलें आणि त्यांतल्या कित्येक कुंड्या रिकाम्या झाल्या. १९४५ नंतरचीच गोष्ट लहान प्रमाणांत घडली. मात्र ज्या घरांनीं त्या दिवसांत देठ-सालींची माती करण्याची संवय लावून घेतली, त्यांना बाग राखावयास टंचाईची वाट पाहावी लागत नाहीं. जुन्या परसाचें बळ त्याच्या लांबीरुंदींत नव्हतें. घरांतून निघालेलें घराच्या मातीला परत द्यावें, या नित्यक्रमांत तें होतें. आणि तो क्रम चौथ्या मजल्यावरच्या चार कुंड्यांतहि पाळतां येतो.