मंत्ररोधाचा नियम : एका आधुनिक क्रीडाग्रंथातील अर्थनिर्णयाचा इतिहास

खेळाच्या नियमांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. बुद्धिबळ वा सोंगट्या यांच्या उगमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एकाच नियमाची शब्दयोजना पिढीगणिक बदलत गेली असता त्याचा आशय कितपत टिकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याचे एक कारण असे की, प्राचीन खेळांच्या नियमांचे पाठ कालक्रमानुसार उपलब्ध नसतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाची गोष्ट निराळी आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्याचे सर्व पाठ छापील व सनवार मिळतात. त्यांतील मंत्ररोधाच्या, म्हणजे काही प्राण्यांवर मांत्रिकाचा मंत्र चालेनासा करणाऱ्या गुणाच्या, नियमाची चिकित्सा येथे करावयाची आहे.

या गुणाचे सुस्पष्ट विधान १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या प्राणिकोशात आढळते. प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत मंत्र विफल होण्याचे शेकडा प्रमाण दिलेले असे. हे प्रमाण मांत्रिक अकराव्या पातळीचा आहे असे गृहीत धरून मांडलेले होते. मांत्रिक त्याहून खालचा असेल तर दर पातळीस ५ टक्के वाढवावयाचे, वरचा असेल तर तितकेच घटवावयाचे. म्हणून ९५ टक्के रोध असलेल्या प्राण्यापुढे दहाव्या पातळीचा मांत्रिक सर्वस्वी हतबल ठरतो, आणि बाराव्या पातळीच्या मांत्रिकास १० टक्के आशा उरते. मंत्र रोध भेदून गेला तरी प्राण्यास बचावाचे नेहमीचे दान टाकण्याचा हक्क राहतोच.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने पातळीचा हा हिशेब काढून टाकला. ५० टक्के म्हणजे ५० टक्केच. समोर नवशिका असो की महामांत्रिक. पुढे १९९७ मध्ये प्रकाशनाचे हक्क ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या संस्थेकडे गेले व २००० साली तिसरी आवृत्ती निघाली. तिने शेकडेवारीच टाकून दिली. आता प्राण्यास एक अंक मिळाला. मांत्रिकाने वीस पैलूंचा फासा टाकावा, दानात आपली पातळी मिळवावी, आणि बेरीज त्या अंकाइतकी वा अधिक भरल्यास रोध भेदला असे समजावे. नावही बदलले : पूर्वीचा ‘जादूचा प्रतिकार’ जाऊन ‘मंत्राचा प्रतिकार’ आला.

नवे नाव, नवा फासा आणि नवी रीत पाहून तिसऱ्या आवृत्तीने परंपरा तोडली, असा ग्रह सहज होतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक अंकाचे मोल ५ टक्के असते. म्हणजे मांत्रिकाच्या दर पातळीमागे ५ टक्क्यांचा फरक पुन्हा प्रस्थापित झाला. जुन्या शेकडेवारीस ५ ने भागून त्यात १२ मिळवावे, की नवा अंक हाती येतो. ९५ टक्क्यांचे ३१ होतात. आता बाराव्या पातळीच्या मांत्रिकास १९ वा २० चे दान हवे, म्हणजे १० टक्के. दहाव्यास २१ हवे, जे फाशावर नाहीच, आणि या फेकीत २० च्या दानास आपोआप यश मिळत नाही. १९७७ चे उदाहरण अक्षरशः जुळते. तेव्हा खरा परंपराभंग १९८९ चा होय. २००० चा नियम हे नव्या वेषातील पुनरुज्जीवन आहे. नियमाचा इतिहास त्याच्या संज्ञांवरून लिहिणाऱ्यास हे दिसणार नाही. त्यास थोडे गणित करावे लागेल.

अर्थात गणित जुळले म्हणून प्रत्येक नोंदीचा आशय कायम राहिला, असे मात्र नव्हे. भूगर्भात राहणाऱ्या ‘ड्राव’ नामक कृष्णवर्ण एल्फ जातीचे उदाहरण घ्यावे. १९७८ मध्ये त्यांस ५० टक्के रोध आणि दर पातळीस आणखी २ टक्के मिळत. दहाव्या पातळीच्या ड्रावचे ७० टक्के होत, आणि सामान्य नियम लावल्यास दहाव्याच पातळीच्या मांत्रिकाविरुद्ध ७५. तिसऱ्या आवृत्तीत त्यांचा अंक ११ अधिक स्वतःची पातळी असा ठरला. म्हणजे तुल्यबळ मांत्रिकास सदैव ११ चे दान पुरे, निम्मी आशा. ड्राव दुबळे झाले, पण ते या एका नोंदीमुळे. त्याचा दोष सामान्य नियमावर घालता येत नाही.

आता अर्थनिर्णयाचा अधिक कठीण भाग. रोध नेमका कशाचा? १९७७ च्या पाठात मंत्र प्राण्याच्या सान्निध्यात विफल होतो असा भाव होता, आणि तो पुरेसा संदिग्ध होता. तिसऱ्या आवृत्तीने ठरविले की, मंत्रातून निघालेली शक्ती त्या प्राण्याच्या देहावर वा मनावर प्रत्यक्ष कार्य करू लागेल तरच रोधाचा प्रश्न उद्भवतो. अग्निगोलास रोध लागू. मंत्राने उभ्या केलेल्या दगडी भिंतीस नाही, कारण भिंत एकदा उभी राहिली की ती केवळ भिंत. हा विवेक मला समाधानकारक वाटतो. मात्र मांत्रिकाने फेकलेला आम्लबाण रोध न जुमानता लागतो, हे ऐकून नवा खेळाडू चकित होतो खरा.

खरी कसोटी लागते ती हितकारक मंत्राच्या वेळी. जखम भरून काढणाऱ्या मंत्राच्या नोंदीत ‘रोध लागू, निरुपद्रवी’ असा शेरा असतो. असा मंत्र स्वीकारण्यासाठी प्राण्याने आपला रोध स्वेच्छेने उतरवावयाचा, आणि त्यासाठी लढाईतील आपल्या पाळीची मुख्य कृती खर्चावयाची. आता पाचव्या पातळीचा ड्राव योद्धा बेशुद्ध पडला आहे, दर फेरीस त्याचे प्राण एकेका अंकाने ओसरत आहेत व उणे दहावर मृत्यू निश्चित आहे. शेजारी त्याचाच मित्र, पाचव्याच पातळीचा पुरोहित, हात ठेवून उभा आहे. २००३ च्या सुधारित पाठात बेशुद्ध व्यक्ती मंत्रास ‘राजी’ समजावी असे वचन आहे. त्यावरून अनेक खेळचालक असा निष्कर्ष काढतात की रोध आपोआप उतरला. निष्कर्ष दयाळू आहे, पण वचनास धरून नाही. राजी असणे हे मंत्राचा विषय कोण होऊ शकतो एवढेच सांगते. रोध उतरविणे ही कृती आहे, आणि बेशुद्धास कृती नाही. म्हणून पुरोहितास फासा टाकावाच लागतो व दर दोन प्रयत्नांत सरासरी एक वाया जातो. जो गुण शत्रूपासून रक्षण करतो तोच मित्रासही अडवितो, ही किंमत नियमकर्त्यांनी जाणूनबुजून ठेवली असावी असे माझे मत आहे. अन्यथा ‘निरुपद्रवी’ मंत्रांना रोधातून सरळ वगळणे एका शब्दाचे काम होते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत हा नियमच गेला. २०१४ च्या पाचवीत ‘जादूचा प्रतिकार’ हे जुने नाव परतले, पण आशय अगदी वेगळा. आता प्राणी बचावाच्या वेळी दोन फासे टाकतो व मोठे दान धरतो. निम्मी आशा असेल तेथे ती ७५ टक्के होते. ज्या मंत्रास बचावाचे दानच नाही त्यापुढे हा गुण निरुपयोगी. जखम भरणारा मंत्र याच वर्गातला असल्याने पुरोहिताची अडचण उरली नाही. आणि साध्या ड्राव योद्ध्याच्या नोंदीतून तर हा गुणच वगळला गेला.