अभिप्रायातून घडलेला छायाचित्रकार : पॉल स्ट्रँड (१९०७–१९१७)

न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमधील शिक्षक लुईस हाइन यांनी १९०७ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या ‘२९१’ या कलादालनात नेले. त्यांतील पॉल स्ट्रँड (जन्म १८९०) हे पुढे आपली छायाचित्रे अभिप्रायासाठी तेथे नेऊ लागले. तत्कालीन चित्रसदृश शैलीस अनुसरून ते मृदू भिंगाने धूसर छायाचित्रे घेत. अशा भिंगामुळे गवत, पाणी व झाडाची साल यांचा पोत एकसारखाच भासतो, हा दोष स्टिग्लिट्झ यांनी निदर्शनास आणला आणि भिंगाचे छिद्र लहान ठेवण्यास सुचविले. विशेष म्हणजे, ही शैली प्रतिष्ठित करणाऱ्या ‘फोटो-सिसेशन’चे (१९०२) संस्थापक स्वतः स्टिग्लिट्झच होते.

१९१५ मध्ये स्ट्रँड नवी छायाचित्रे घेऊन आले. ‘वॉल स्ट्रीट’ हे सुप्रसिद्ध छायाचित्र त्याच वर्षीचे. १९१६ मध्ये ‘२९१’ येथे त्यांचे प्रदर्शन भरले आणि १९१७ मध्ये ‘कॅमेरा वर्क’चा अखेरचा अंक त्यांच्याच छायाचित्रांना वाहिलेला होता.

या अभिप्रायात दोष, त्याचे कारण आणि उपाय हे तिन्ही होते. शिवाय सुधारलेले काम पुन्हा पाहण्याची तयारी होती. केवळ गुण देऊन थांबणाऱ्या मूल्यमापनाने हे साधत नाही, याची नोंद अध्यापकांनी घ्यावयास हवी.