ताइग म्हणजे टिमथी

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका आयरिश ग्राहकाचं काम आलं. जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवायच्या, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर त्या जुळवायच्या. मी नावांची तुलना करणारा प्रोग्राम लिहिला. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. आकडा लहान आला तर माणूस एकच. टायपिंगच्या चुका त्यानं पटापट पकडल्या आणि मी खूश होतो.

डेमोच्या दिवशी डब्लिनमधल्या सहकारी बाईंनी एक जोडी दाखवली. जन्मतारीख तीच, पत्ता तोच, आडनावही तेच. एकीकडे नाव होतं टिमथी, दुसरीकडे टी-ए-डी-एच-जी. माझ्या प्रोग्रामनं ठामपणे सांगितलं होतं की ही दोन वेगळी माणसं आहेत. जुळे भाऊ असतील, असंही मी बोलून गेलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताइग म्हणजे टिमथी. हे सगळ्यांनाच माहीत असतं."

सगळ्यांना म्हणजे आयर्लंडमधल्या सगळ्यांना. या दोन नावांत टी आणि एच ही दोन अक्षरं सोडली तर समान काही नाही. अर्थही जुळत नाही. ताइग म्हणजे कवी. टिमथी हे ग्रीक नाव, देवाचा मान राखणारा अशा अर्थाचं. मग ही जोडी लागली कशी, हे शोधायला म्हणून मी त्या रात्री बसलो आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्यातच गेले.

सुरुवात अर्थापासून करतो, कारण मी स्वतः तिथूनच अडकलो. आयरिश नावं कागदावर भयंकर दिसतात, पण आत शिरलं की ओळखीची माणसं भेटतात. 'रूरी' हे नाव घ्या. त्याचा अर्थ लाल राजा. त्यातला 'री' म्हणजे राजा, आणि हा 'री' आपल्या 'राजा'चा सख्खा चुलतभाऊ. 'रुआ' म्हणजे तांबडा, तो आपल्या 'रुधिर' आणि 'रोहित'च्या कुळातला. फर्गसमधला 'फर' म्हणजे पुरुष, संस्कृतातला 'वीर'. कॉनल, कॉनर या नावांत 'कू' म्हणजे शिकारी कुत्रा दडलेला आहे. संस्कृतातला 'श्वन्' तोच. आपल्याकडे कुत्रा ही शिवी. तिकडे सगळ्यात मोठ्या वीराचं नावच कू हुलन, म्हणजे हुलन लोहाराचा कुत्रा. मूळचा सेतांता नावाचा हा पोरगा. लोहाराचा राखणदार कुत्रा त्याच्या हातून मेला, तेव्हा दुसरा तयार होईपर्यंत मीच राखण करीन म्हणाला आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं.

रंगांची नावं तर आपल्या गावात ऐकल्यासारखी वाटतात. 'कीर' म्हणजे काळा, त्यावरून कीरान, म्हणजे आपला काळू किंवा सावळाराम. 'फिन' म्हणजे गोरा, पांढरा. 'डन' म्हणजे तपकिरी. डनखा म्हणजे तपकिरी योद्धा. शेवटी 'आन' लावला की नाव लाडाचं होतं. रोन म्हणजे सील मासा (मासा नव्हे, पण मराठीत आपण म्हणतो), रोनान म्हणजे सीलचं पिल्लू. फेलान म्हणजे लांडग्याचं पिल्लू. शनान म्हणजे चिमुकला म्हातारा, आणि यातला 'शन' संस्कृत 'सन' म्हणजे जुना याच्याच घरचा. उशीन म्हणजे हरणाचं पाडस, कारण गोष्टीत त्याच्या आईला शापानं हरिणी केलेलं असतं. उशीनचा मुलगा ऑस्कर. त्याचा अर्थ लावतात हरणांचा मित्र. 1760 च्या दशकात मॅक्फर्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं या कथांवरून स्वतःची काव्यं रचून ती प्राचीन म्हणून खपवली. नेपोलियनला ती इतकी आवडली की आपल्या एका सेनापतीच्या मुलाला, आपल्या धर्मपुत्राला, त्यानं ऑस्कर नाव सुचवलं. तो सेनापती नशिबानं स्वीडनचा राजा झाला, आणि 1844 मध्ये पहिला ऑस्कर गादीवर बसला. 2024 साली किलियन मर्फीला ऑस्कर मिळालं तेव्हा एक आयरिश नाव दुसऱ्या आयरिश नावाच्या हातात गेलं, असं माझ्या मनात आलं. ऑफिसात सांगितलं तर कुणी फारसं हललं नाही.

'एइ' नावाचा अर्थ अग्नी. यज्ञात आपण समिधेला 'इध्म' म्हणतो, त्याच धातूचं हे रूप. त्याचं लाडकं रूप एडान, इंग्रजीत एडन. पण नुसत्या एइचं इंग्रजीत काय झालं? ह्यू. अग्नीशी ह्यूचा संबंध शून्य. 1607 मध्ये देश सोडून गेलेला अल्स्टरचा बलाढ्य सरदार एइ ओ नील इंग्रजी इतिहासात ह्यू म्हणूनच वावरतो.

इथून गंमत संपते.

आयर्लंडमध्ये नावांवर कायदे झाले आहेत. 1169 नंतर आलेले नॉर्मन सरदार दोनशे वर्षांत इतके आयरिश झाले की मुलांची नावं, भाषा, केशभूषा, सगळं तिथलंच. म्हणून 1366 च्या किलकेनीच्या कायद्यानं इंग्रजांना बजावलं की इंग्रजी नावंच वापरा. म्हणजे आधी आपल्या माणसांना त्यांची नावं घ्यायला बंदी. शंभर वर्षांनी, 1465 मध्ये, उलटा कायदा आला: डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअरमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनाव घ्यावं. कसं, तेही लिहून दिलं. एखाद्या गावाचं घ्या, जसं सटन, चेस्टर, ट्रिम, कॉर्क. नाहीतर रंगाचं, व्हाइट, ब्लॅक, ब्राउन. नाहीतर धंद्याचं, स्मिथ, कार्पेंटर. नाहीतर हुद्द्याचं, कुक, बटलर. न घेणाऱ्याचा माल दरवर्षी जप्त. ड्रॉपडाउन मेन्यूच म्हणा.

कोकणी माणूस हे वाचून थबकतो. गावाचं नाव लावणं हा आपल्यासाठी सहज प्रकार. आयरिश माणसासाठी तो मिटवला जाण्याचा प्रकार होता, कारण त्याचं आडनाव गाव सांगत नाही, माणूस सांगतं. 'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू, वंशज. ओब्रायन म्हणजे 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेलेल्या ब्रायन बोरूचा वंशज. हजार वर्षांपूर्वीचं एक पाळण्यातलं नाव आडनावात गोठून राहिलेलं असतं. (या 'ओ'वर खरं तर तिरकी रेघ असते, तिला फादा म्हणतात. इंग्रजी लिहिण्यात ती रेघ गेली आणि 'ओ'च्या शेजारी अॅपॉस्ट्रॉफी येऊन बसली. त्या अॅपॉस्ट्रॉफीनं जगभरातल्या निष्काळजी प्रोग्रामरांच्या क्वेरी मोडल्या आहेत. माझीही एक.) आणि शेवटी त्याच देशाचा पंतप्रधान 2017 मध्ये झाला लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडवरून आडनाव घेतलेला. 1465 च्या नियमात अगदी चपखल बसणारा.

तरी पहिली नावं बदलली ती कायद्यानं नाहीत, कारकुनीनं. पाद्री बाप्तिस्म्याची नोंद लॅटिनमध्ये करायचा. कॉनरला लॅटिन नाव नाही, मग त्यातल्या त्यात जवळचं कॉर्निलियस. ओअनचा युजीन, डिअरमिदचा जेरमाया, डनखाचा डेनिस, टॉरलखचा टेरेन्स, कॅहलचा चार्ल्स. फिनीन नावाच्या पुरुषाचा तर फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्स मॅकार्थी हा मिशीवाला सरदार लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. निकष एकच, कानाला थोडं जवळ वाटावं. पुढे 1831 पासून सरकारी शाळा आल्या, त्या इंग्रजीत. 1845 पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच जहाजात बसून गेली; आयरिश बोलणारा गरीब पश्चिम भागच जास्त रिकामा झाला. 1864 मध्ये सगळ्यांच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली तेव्हा घरात ताइग आणि रजिस्टरात टिमथी ही पद्धत पक्की होती. मधल्या काळात 'ताइग' हा शब्द इंग्रजांच्या तोंडी कुठल्याही गावंढळ आयरिश माणसासाठी वापरला जाऊ लागला, आणि उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांसाठी ती शिवी झाली. अजूनही आहे. कवी अर्थाचं नाव. आपल्या मुलाला रजिस्टरात टिमथी लिहून घेणाऱ्या बापाला मी दोष देऊ शकत नाही.

1890 मध्ये रॉबर्ट मॅथेसन या नोंदणी खात्यातल्या अधिकाऱ्यानं एक पुस्तक काढलं. आयर्लंडमधल्या नावांची आणि आडनावांची पर्यायी रूपं, नोंदणी अधिकाऱ्यांच्या आणि जुन्या नोंदी शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी. अमुक माणूस या नावानं सापडला नाही तर त्या नावानं बघा. मी ते उघडलं आणि हसलोच. माझा प्रोग्राम जे करू शकला नव्हता ते या माणसानं हातानं करून ठेवलं होतं. कारण हे काम अक्षरं मोजून होणारं नव्हतंच. कुणीतरी गावोगावच्या कारकुनांना विचारून तक्ता मांडायला हवा होता.

हसू फार टिकलं नाही, कारण तसला कागद मी घरी पाहिला होता. माझे आजोबा धोंडू. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून यमानं दगड समजून सोडून द्यावं, या हिशोबानं ठेवलेलं नाव. गावच्या शाळेत धोंडू, मुंबईच्या गिरणीच्या मस्टरवर इंग्रजीत डोंडू, फंडाच्या कागदावर कुणा कारकुनानं सभ्य केलेलं धोंडीराम. ते गेल्यावर आजीला पैसे मिळेनात. या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला वडील चार महिने फिरले. आजीला नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची सवय नव्हती. खिडकीपलीकडच्या माणसापुढे तिला ते तीन वेगवेगळ्या प्रकारे घ्यावं लागलं. मी तेव्हा आठवीत होतो. मित्रांनी आजोबांचं नाव विचारलं तर मी 'डी. बी.' सांगायचो.

आयरिश लोकांनी नावं परत घेतली, पण ते सरळ झालं नाही. 1893 मध्ये गेलिक लीग निघाली आणि शिकलेली शहरी माणसं आपली नावं आयरिशमध्ये लिहू लागली. 1905 मध्ये डॉनिगॉलच्या नियल मॅक गिला व्रीदे या माणसावर खटला झाला. गाडीवर मालकाचं नाव सुवाच्य अक्षरांत हवं असा नियम होता, आणि त्यानं ते आयरिशमध्ये लिहिलं होतं. त्याच्या बाजूनं उभा राहिलेला तरुण वकील होता पॅट्रिक पिअर्स. कोर्टानं निकाल दिला की हे सुवाच्य धरता येणार नाही. पिअर्स हरला. अकरा वर्षांनी त्यानं 1916 च्या उठावाचा जाहीरनामा वाचून दाखवला आणि त्यासाठी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्या जाहीरनाम्याखाली सात सह्या आहेत. दोनच नावं आयरिश रूपात आहेत, शॉन मॅक डिअरमदा आणि एमन क्यांट. पिअर्सची स्वतःची सहीसुद्धा इंग्रजी. स्वातंत्र्यासाठी मरायला निघालेल्या माणसांनाही कागदावर कुठलं नाव लिहायचं हे ठरवता आलं नव्हतं, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जवळीक वाटली ती यामुळे. न्यूयॉर्कला जन्मलेल्या डी व्हॅलेराची जन्मनोंद तर जॉर्ज अशी, बाप्तिस्मा एडवर्ड म्हणून, आणि राज्य केलं एमन म्हणून.

बरं, ज्या नावांना परत आणलं ती तरी शुद्ध कुठे होती? शॉन हे नॉर्मन लोकांनी आणलेलं योहानाचं रूप. लिअम म्हणजे विल्यम. पॅट्रिक लॅटिन. आणि पॅट्रिक हे नाव तर जुन्या आयरिशांनी संताच्या आदरापोटी मुलांना ठेवलंच नाही. ठेवलं ते गिला फाद्रिक, पॅट्रिकचा सेवक. आपल्या रामदासासारखं. प्रत्येक आयरिश माणूस 'पॅडी' ही इंग्रजांची थट्टा फार नंतरची.

आता ताइग परत आला आहे. राष्ट्रीय रग्बी संघात ताइग फर्लाँग आणि ताइग बर्न एकाच स्क्रममध्ये ढुशा देतात, आणि नव्या बाळांच्या याद्यांत ते नाव वर आहे. 2021 च्या सुधारित भाषा कायद्यानं सरकारी संगणकांनी फादा सांभाळलाच पाहिजे असं ठरवलं. छोटी गोष्ट वाटते. पण फादा असला तर तो शॉन, काढला तर तो 'शन', म्हणजे म्हातारा. मी पहिल्या आवृत्तीत तुलना सोपी व्हावी म्हणून सगळ्या नावांवरच्या रेघा एका ओळीत पुसून टाकल्या होत्या. ती ओळ काढली. मॅथेसनच्या पद्धतीचा एक तक्ता सहकारी बाईंकडून तपासून घेतला आणि प्रोग्रामला जोडला. पहिली ओळ ताइग, टिमथी.

धोंडू मात्र परत आलेला नाही. गेल्या महिन्यात दादाच्या मुलाचं बारसं झालं. नाव कियान. वहिनीनं इंटरनेटवरून शोधलं. एका ठिकाणी अर्थ देवाची कृपा, दुसरीकडे फारसी राजे. आयरिशमध्ये की-अन म्हणजे प्राचीन, हे मी सांगून पाहिलं. दादा म्हणाला, तेही चालेल. मग ताईनं बाळाच्या कानात कुर्र केलं. आमच्याकडे पहिल्या नातवंडाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव आधी कानात सांगतात, कागदावर ते येत नाही. ती इतक्या हळू बोलली की शेजारी उभ्या असलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं.